‘नको’च्या चित्राची जागा

मंगळवार, वेल्हे

पालीहून परत आलो, शांताकाकूंकडून. डोक्यातून जात नाही म्हणून लिहितो.

त्यांच्या मुलीला, मंदाला, बोलता येत नाही, समजायलाही वेळ लागतो. मागच्या आठवड्यात काकूंना चित्रांची पाटी वापरायला शिकवली होती. पाणी, जेवण, झोप, दुखतंय, हवं, नको; जे सांगायचं त्या चित्रावर मंदानं बोट टेकवायचं. आज पाहिलं तर ‘नको’चं चित्रच नव्हतं.

“म्याच काढलं,” काकू म्हणाल्या. “आधीच लई हट्टी हाय, त्यात तुमी तिला न्हाई म्हनायला शिकवताय व्हय?”

नीट समजावून सांगायला हवं होतं. “हट्ट नाही तो,” एवढंच म्हणालो. तेवढ्यात त्यांनी मंदापुढे दुधाचा पेला ठेवला. मंदानं पाटीवरच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं. काकूंनी पेला आणखी पुढे सरकवला तरी बोट पुन्हा तिथंच.

“तितं काय हाय गं? रोज दूध दिलं की तितंच बोट!”

“काकू, तिथं ‘नको’ होतं.”

काकूंनी पेला मागे ओढला. मग म्हणाल्या, “मी तर रोज बळंच पाजते हिला.” आणि माझ्याकडे वळून, “उद्या मलाच नको म्हनली तर वो, सर?”

याचं उत्तर मला विशेष शिक्षकाच्या प्रशिक्षणात कुणी दिलेलं नाही. “माहीत नाही,” म्हणालो. असं म्हणायला हवं होतं का?

दूध काकूंनीच पिऊन टाकलं. मग फळीवरच्या डब्यामागे ठेवलेलं ‘नको’चं चित्र काढून जागेवर चिकटवलं. वाकडं बसलं. सरळ करायला माझा हात पुढे गेला होता, तो मागे घेतला.