मधली खिडकी

५ जानेवारी, लातूर
अहमदपूरच्या स्टँडवर एकदा दोन तास बस आली नव्हती. आमचे हे, धम्मानंद, शेंगा सोलत गेले, मी खात गेले. ते गेल्यापासून नेमकी हीच आठवण पुसट होत चालली, म्हणून नांदेडहून या उपचारकेंद्रात आले. खोली छान आहे, भरपूर उन्हाची. माझ्या लेकीनं, लुंबिनीनं, येताना घरची चादर बांधून दिली.

डॉक्टर शिवानींनी सगळं समजावलं. मेंदूतल्या पेशी चिमूटभर वायू तयार करतात. ऐकणारी पेशी तो सांगणारीकडे उलट धाडते : ऐकलं, आता जोरात सांग. मग दोघींमधला सांधा पक्का होतो, आठवण टिकते. इथे तोच वायू नळीतून देतात; तेव्हा हवी ती आठवण मनात धरायची. वायूला पेशीची भिंत अडवत नाही, तो शेजारच्या पेशीकडेही जातो; उघड्या खिडकीतून शेजारच्या माणसाकडेही. म्हणून त्या वेळी दोन खोल्यांमधली खिडकी लावायची.

९ जानेवारी
शेजारी सरजाबाई आहेत. त्र्याण्णवच्या भूकंपात दोन दिवस दगडांखाली होत्या. नळी लागली की दुसरं काही आठवतच नाही म्हणे. “खिडकी लावू नका ओ बाई, जीव घुसमटतो,” म्हणाल्या. उघडीच ठेवली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शेजाऱ्याला नाही म्हणायला शिकवलं नव्हतं.

१६ जानेवारी
शेंगांची चव आठवू गेले, तर दातांत माती करकरली. भूकंपात आमच्याकडे नांदेडला फक्त भांडी हलली होती.

१९ जानेवारी
सरजाबाई अंगणात हसत होत्या. “यष्टी येईना, आन् ते मला शेंगा सोलून देऊन राहिले. लई मायाळू माणूस. कोण व्हते ओ ते, बाई?”
मी त्यांना हे कधीच सांगितलेलं नाही.

२१ जानेवारी
खिडकी लावली. नळीही काढली. पायांवर वासा पडलाय. डॉक्टर चादर उचलून दाखवतात, काही नाही. पण पाय हलत नाहीत. सांधा पक्का झालाय, म्हणतात. आता सुटणार नाही —

२३ जानेवारी
सरजाबाई हसत घरी गेल्या. छत आणखी खाली आलं. श्वास पुरवून — शेंगा कोण सोलत होतं? चेहरा नाही —

२४ जानेवारी
हात मोकळा आहे तोवर. पोत गुरम्माला. शेळी केरबाला, तिला आधी पाणी पाजा. मी शेळी कधी पाळलीच नाही. केरबा कोण? घड्याळ माझ्या मुलीला. तिचं नाव —