तारघरातल्या तीन अनधिकृत तुळया

ती. काका यांस,

नमस्कार. आधी घडलं ते क्रमाने लिहिते, विचारपूस नंतर. (विचारपूस आधी आली की तुम्ही तेवढीच वाचून पत्राची घडी घालता, असं काकू सांगायची.)

१. नगरपालिकेने जुन्या तारघरात पाणीपुरवठा आणि जन्म-मृत्यू नोंदणीची कार्यालयं न्यायचं ठरवलं.
२. वरच्या मजल्याची जमीन तेवढं वजन पेलेल का, हे तपासायचं काम माझ्याकडे आलं.
३. कागदावरच्या तुळया धरून माझ्या हिशेबाने ती चौदा मिलिमीटर वाकायला हवी होती. पाच वाकली.
४. कारण शोधायला मी खालचं फळ्यांचं छत उघडलं. आत नकाशात नसलेल्या तीन सागवानी तुळया निघाल्या.
५. त्या तुम्ही बसवल्या आहेत.

आता रीतसर. गुडघा कसा आहे? डावा की उजवा, हे मागच्या पत्रातून कळलं नाही, कारण ते पत्र "पोचलं. बरा आहे." एवढंच होतं. मी बरी आहे. बाबांचा रक्तदाब १३० वर ८४, स्वभाव पूर्वीइतकाच.

नगरसेवकांबद्दल थोडं सांगावं लागेल. सत्ताधाऱ्यांना कार्यालयं तारघरात हवीत आणि विरोधकांना गावाबाहेर काचेच्या इमारतीत. (पाच वर्षांपूर्वी हे नेमकं उलट होतं. ते दोन्ही बाजू सारख्याच सौजन्याने विसरल्या आहेत.) मी पाण्याची साठ पिंपं चढवून चाचणी घेतली. विरोधी पक्षनेत्यांना, ज्यांना सगळं कार्यालय पाठीमागे भोंगा म्हणतं, ती पटली नाही. म्हणाले, "पिंपं काय हो बाई, सांगाल तिथे उभी राहतात. माणसं चढवा." पिंपांनी परीक्षा दिलेली होती, तेव्हा नगरसेवकांनाच चढवलं. वजन सगळीकडे सारखं पसरायला हवं, म्हणून खडूने चौकोन आखले आणि प्रत्येकाला पक्षाप्रमाणे न ठेवता वजनाप्रमाणे उभं केलं. अकरा जणांनी आपापल्या लग्नाच्या वेळची वजनं सांगितली, मग गोदामातून काटा आणवला. वीस मिनिटं आमचं सभागृह अगदी समतोल होतं. (बांधकामाच्या दृष्टीने. दुसरी दृष्टी माझ्या कामात येत नाही.) वाक मोजणारा काटा पुन्हा पाच मिलिमीटरवर थांबला. भोंग्यांच्या चौकोनासमोर नेमका रस्त्यावरचा सज्जा होता. अकरा वाजेपर्यंत जी इमारत मोडकळीला आलेली होती, तिच्या सज्जाची खोली कोणाला मिळणार, असं ते सव्वाअकराला विचारत होते. ती नगराध्यक्षबाईंना मिळाली. दुसऱ्याच दिवशी भोंग्यांनी हरकत घेतली, की सापडलेल्या तुळयांना कोणाचीच परवानगी नाही, म्हणजे हे अनधिकृत बांधकाम आहे. विभागाने रीतसर नोटीस काढून मधल्या तुळईवर चिकटवली. 'सदर बांधकाम सात दिवसांत स्वतःहून काढून घ्यावे.' तुळईने अद्याप उत्तर दिलेलं नाही. गुरुवारी, अठरा तारखेला सुनावणी आहे आणि तुळया ज्याने बसवल्या त्याने हजर राहायचं आहे.

त्या तुमच्या, हे मला कसं कळलं ते लिहिते. बावीस वर्षांपूर्वी तारघराच्या दुरुस्तीवर बाबा ओव्हरसीअर होते आणि सुतारकाम तुमच्याकडे होतं. गोदामातल्या मोजणीत तीन तुळया कमी भरल्या. बाबांनी सगळ्या मजुरांदेखत विचारलं, "दादा, तीन तुळया कुठे गेल्या?" तुम्ही कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवलीत, हत्यारं गोळा केलीत आणि निघून गेलात. मी सात वर्षांची होते, तुमच्याच पेटीवर बसले होते. तुम्ही पेटी उचलायला मला खाली उतरवलंत, एवढं आठवतं. तुम्ही तुळया नेल्यात, असं घरात कोणी कधी म्हटलं नाही. नेल्या नाहीत, असंही म्हटलं नाही.

मधल्या तुळईवर पेन्सिलीने '५.४' लिहून त्याभोवती दोन गोल काढले आहेत. खाली लिहिलंय, 'धाकट्याला सांगू नये.' अक्षर तुम्ही केलेल्या माझ्या लहानपणच्या स्टुलाच्या खाली आहे तेच. दोन भिंतींमधलं अंतर मी मोजलं. ५.४ मीटर. बाबांच्या त्या वेळच्या हिशेबाच्या कागदावर ४.५ आहे, आणि किती तुळया लागतील हे त्यावरूनच ठरलं होतं. तीनदा पडताळलं. चौथ्यांदा पडताळावंसं वाटलं नाही.

तो कागद मी घरी नेऊन बाबांसमोर ठेवला. दुसऱ्या दिवशी ते तारघरात आले आणि अडुसष्टाव्या वर्षी शिडी चढले. शिडी मी धरली होती. अकरा मिनिटं वर होते. उतरले तेव्हा केसांत धूळ होती. म्हणाले, "जोड बघ त्याचे. कागद जाणार नाही मधून." फाटकापाशी आल्यावर विचारलं, "त्याला नीट दिसतं का गं आता?" मला माहीत नव्हतं. (कळवावं.)

तरी तुम्ही सुनावणीला यावं आणि तुळया कधी व का बसवल्या, ते सांगावं. सुनावणी तळमजल्यावर आहे, गुडघ्याची सबब चालणार नाही.

तुमची,
फूटपट्टी
(हे नाव तुम्हीच ठेवलंत. कार्यालयात कोणाला माहीत नाही, तसंच राहू द्यावं.)

ता. क. सुनावणी रद्द झाली आहे. भोंग्यांना सज्जाच्या शेजारची खोली मिळाली आणि काल त्यांनीच ठराव मांडला, की या तुळया शहराचा अमोल ठेवा आहेत. नोटीस मी ओल्या फडक्याने काढली, डाग राहिला नाही. तेव्हा तुमच्या जबाबाची गरज नाही. वरचा मजकूर तरी खोडला नाही, कारण सरकारी कारण नसलं की तुम्ही येत नाही.

आणखी एक. तुमचा राहून गेलेला रंधा बाबांनी बावीस वर्षं कपाटात कापडात गुंडाळून ठेवला होता, हे मला रविवारी कळलं. तेव्हापासून ते त्याला तेल देत आहेत. त्याला इतक्या तेलाची गरज नाही. तुमच्या गावाच्या गाडीची वेळ त्यांनी मला तीनदा विचारली, तिन्ही वेळा सहज म्हणून. पत्र ते लिहिणार नाहीत, पण हे पेटीत टाकायला मी जाते म्हटलं तरी स्वतःच चप्पल घालून दारात उभे आहेत.

गुरुवारी सकाळच्या गाडीने तुम्ही येता, की आम्ही दोघं तिकडे यावं, ते मंगळवारपर्यंत, सोळा तारखेपर्यंत कळवावं. तीन शब्द चालतील.