आईजवळची खुर्ची

दादा,

शोकसभा गाजवलीस हं. "ऐंशी वर्षांत आईनं कुणाकडे काही मागितलं नाही," म्हणालास. शेवटच्या आठवड्यात रोज मागत होती रे, तुला. तुला मीटिंगा सोडवेनात.

आपले डबे भरून झाले की ती दवाखान्यात बेवारशी पेशंटांजवळ जाऊन बसायची. नर्सनं हटकलं की बिनदिक्कत सांगायची, "मी यांची बहीण." तिच्यासोबत सेवेला येणारा शिंपी हे तिच्याकडूनच शिकला.

शेवटच्या दिवशी तिला नीट दिसत नव्हतं. "आलास?" तिनं विचारलं. शिंप्यानं तिचा हात धरला. "आलो, आई." मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली. तिनं समाधानानं डोळे मिटले.

सभेत तुला ज्यानं खुर्ची आणून दिली, तो तोच. तू त्याला म्हणालास, "पंखा वाढव जरा."

तुझीच, म्हणायचं म्हणून,
धाकटी