स्विच बोलला, मी कुणाशी बोलू?

मंगळवार, दिवेआगर

आणि वर दादा तिकडं परभणीत सगळ्यांना सांगतो, याला घरी फोन करायला वेळ नसतो. अरे, बोलू तरी काय? आज रिसॉर्टच्या नेटवर्क स्विचचा, म्हणजे खोल्याखोल्यांत इंटरनेट वाटणाऱ्या डब्याचा, विसरलेला पासवर्ड लॅपटॉप केबलनं जोडून बदलला. स्विच परत चालू केला तर लॅपटॉपवर नुसती वेडीवाकडी अक्षरं.

राखणदार काका म्हणाले, "खारी हवा, पोरा. इथं लोखंड पन टिकत न्हाय." मलाही तेच वाटलं. केबलची टोकं ब्रशनं घासत बसलो. तरी तीच अक्षरं. नवीन स्विचचे पैसे माझ्या पगारातून कापले असते तर?

मग आठवलं. पासवर्ड बदलताना व्हिडिओत बघून मीच स्विचचा अक्षरं पाठवायचा वेग वाढवला होता, लॅपटॉप जुन्याच वेगावर होता. तोही वाढवला. पडद्यावर स्विचनं पासवर्ड विचारला, सरळ अक्षरांत!

"आला!" म्हणून ओरडलो. काका जेवायला गेलेले. ऐकायला कुणीच नाही. म्हणून दादालाच फोन लावला. अक्षरं सरळ आली, एवढंच सांगायचं होतं. पण उचलल्या उचलल्या तोच म्हणाला, "पैसे कधी टाकतोस?"

उद्या, म्हटलं. चार हजार.