अक्काचं खातं

रवि. ६ एप्रिल २००३
सकाळी भारनियमन. जगतापांच्या मुलाच्या लग्नात दिलेला आहेर कॉम्प्युटरवर चढवत होतो, आकडा टाकला, आता सेव्ह म्हणणार तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस दिवाळीपासून नुसता शोभेला आहे, सौ.ने त्यावर क्रोशाचं कव्हर घातलंय. लाईट आल्यावर फाईल उघडेना. फाईल खराब झाली आहे किंवा ही आमची फाईलच नाही, असं काहीतरी इंग्रजीत. तुमची नाही तर कोणाची? दीड वर्षं रोज संध्याकाळी मी काय शेजाऱ्यांची फाईल भरत होतो?
सौ.: "बरं झालं. आता संध्याकाळी भाजी तरी निवडाल."


घरखर्च गेला त्याचं काही नाही. पण आहेर! लेकीच्या, वैशालीच्या लग्नात कोणी काय दिलं ते सगळं त्यात. प्रत्येक नातेवाइकाचं स्वतंत्र खातं. त्यांनी दिलं ते जमा, पुढे त्यांच्या घरच्या कार्यात आम्ही दिलं ते नावे. सॉफ्टवेअर आकड्याशिवाय काही घेत नाही, म्हणून पातेली, चादरी, भिंतीवरची घड्याळं यांच्या किमती मी स्वतः बाजारात फिरून काढल्या होत्या. आणि आहेराची वही? ती मीच रद्दीत घातली. ऑफिसात कोणाला सांगायचीही सोय नाही. 'वह्या सोडा, कॉम्प्युटर घ्या' हे सगळ्यांना सांगत फिरणारा मीच.

सोम. ७ एप्रिल
बॅकअप आहे! दुपारी जेवताना आठवलं. घरी आलो, बूट न काढता फ्लॉपी शोधली. वर माझ्याच अक्षरात 'बॅकअप, अतिमहत्त्वाचे'. आत सौ.च्या भाचीचा बायोडाटा. उंची पाच फूट दोन, वर्ण गहूवर्णी, स्वभाव मनमिळाऊ. मागच्या महिन्यात सौ. म्हणाली होती, एक फ्लॉपी द्या हो, मेव्हण्यांना हवीय. मी पेपर वाचता वाचता दिली. मेव्हण्यांनी ती आधी कोरी करून घेतली. फार व्यवस्थित माणूस.
स्थळ अजून जमलेलं नाही म्हणे.

शुक्र. ११ एप्रिल
नामपूरहून पत्रिका. अक्काच्या मनीचं लग्न, १८ मे. पत्रिका कुरियरने आली. अक्का माझी एकुलती एक थोरली बहीण, तिच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण मला कुरियरवाल्या पोराने सही घेऊन दिलं.
खाली मामा मंडळी. पहिलं नाव रमेशचं. रमेश म्हणजे आमचा चुलतभाऊ, पंचवटीत रंगाचं दुकान. दुसरं नाव कोणा लांबच्याचं. माझं नाव नाही. दोनदा वाचली, पाठीमागूनही बघितली.
शेवटी छापलंय, 'कृपया आहेर आणू नये'. त्या ओळीखाली निळ्या पेनाने रेघ. रेघ अक्काचीच. पट्टी न लावता इतकी सरळ रेघ आमच्या घराण्यात दुसरं कोणी मारत नाही.

कारण मला माहीत आहे. गेल्या वर्षी तिच्या नव्या घराची वास्तुशांत होती. तिने वैशालीला दिलेलं आणि आम्ही भाऊबिजेला वगैरे दिलेलं, सगळं वजा जाता तिचे चारशे सदतीस रुपये निघत होते. तेवढेच पाकिटात घातले, सोबत प्रिंटआऊट. शिल्लक शून्य, खाते बंद. मला वाटलं, भाऊ किती चोख म्हणून कौतुक करेल. अक्काने चष्मा लावून कागद भर पंक्तीत वाचला आणि म्हणाली, "भावाने माझं खातं बंद केलं. बरं." त्या 'बरं'नंतर बोलणं बंद. वर दाजींकडून नंतर कळलं की तिने दिलेला कुकर साडेसात लिटरचा होता, मी पाचचा धरला.

सौ. म्हणते, मनीला मांडवात आणायला, पाठीशी उभं राहायला रमेश गेला तर मी चारचौघांत तोंड दाखवणार नाही. चारचौघांचं जाऊ दे. मनीला सायकलच्या दांडीवर बसवून मी अख्खं नामपूर दाखवलंय. माझी सुट्टी संपली की एसटीच्या खिडकीला लटकून रडायची. तिच्या मागे मला उभं राहायचंय. फार राहायचंय.

ठरवलं. या वेळी अक्काला तिने दिलं त्याच्या वरचढ द्यायचं. शिल्लक तिच्याकडे झुकलेली दिसली पाहिजे. त्यासाठी तिने काय काय दिलं होतं ते हवं, म्हणजे फाईल हवी.
सौ.: "जास्त द्यायचंय ना? मग द्या. फाईल कशाला?"
मी: "किती जास्त ते कसं कळणार?"
ती स्वयंपाकघरात निघून गेली. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत होता.

रवि. १३ एप्रिल
कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन बसने देवळाली कॅम्प. कंडक्टरने डब्याचं हाफ तिकीट फाडलं. वाद घातला, उपयोग नाही.
देवरे फौजेतून रिटायर, सिग्नलमध्ये होते. आता बाजारात झेरॉक्स आणि कॉम्प्युटर दुरुस्ती. मिशा अजून नोकरीत आहेत.
"फाईल शेवटची जिवंत कधी पाहिली, साहेब?"
"रविवारी सकाळी."
"नंतर हलवली?"
"परत परत उघडून पाहिली."
त्यांनी डोळे मिटले. "जखमी माणसाला असं उठवून बसवतात का, साहेब?"
अपराध्यासारखा उभा राहिलो. डबा ठेवून घेतला त्यांनी. पावतीवर 'रुग्ण गंभीर' लिहिलं नाही एवढंच.

गुरु. १७ एप्रिल
देवरेंचा ऑफिसात फोन. "बॉडी मिळाली, साहेब. ओळख पटत नाही."
शेजारच्या टेबलवरचे पाटील माझ्याकडे बघत राहिले. आवाज मोठा आहे देवरेंचा.
झालंय ते असं. नावं सगळी सापडली. रकमाही सगळ्या सापडल्या. फक्त कोणती रक्कम कोणाची, हा धागा तुटलाय. बेरीज रुपयाला रुपया बरोबर. ती मला पाठच आहे. म्हणजे नातेवाइकांनी मिळून किती दिलं हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, आणि कोणी दिलं हे मुळीच नाही.

शनि. १९ एप्रिल
नातेवाइकांनाच फोन करून विचारायचं असं काढलं. 'रेकॉर्ड अपडेट करतोय' म्हटलं.
मावसा म्हणाले पैठणी दिली. आमच्या घरी पैठणी आली असती तर सौ. ती आजवर सगळ्यांच्या लग्नांत नेसून मिरवली असती. चाळीसगावची आत्या म्हणाली चांदीचा गणपती. गणपती पुष्कळ आले होते, एकूण एक प्लास्टरचे. सौ.चा भाऊ म्हणाला, "आता काय तोंडाने सांगायचं, दाजी," आणि मग तोंडाने बरंच सांगितलं.
दुपारपर्यंत बेरीज मूळ बेरजेच्या दुपटीवर गेली. अर्धे नातेवाईक अजून बाकीच. फोन बंद केले. सगळ्यांनी खरोखर एवढं दिलं असतं तर मी कर्ज कशाला काढलं असतं?
अक्काला फोन लावला नाही. नंबर फिरवला, शेवटचा आकडा राहू दिला.

सौ. म्हणते तिला सगळं पाठ आहे. कागद-पेन घेऊन बसलो. पाठ आहे ते असं. कोणी कमी दिलं, कोणाच्या साडीचा रंग पहिल्या धुण्यात गेला, कोण जेवून हात पुसत तसंच निघून गेलं. जमेच्या बाजूला अवाक्षर नाही. कागद कोराच उचलला.

मंगळ. २२ एप्रिल
उकाडा. ऑफिसात पाटलांनी विचारलं, "घरचं कोणी गेलं का हो?" नाही म्हटलं.

रवि. २७ एप्रिल
वैशालीच्या लग्नाची कॅसेट आठवली. व्हीसीआर शेजारून आणला. नेमकं आहेराच्या वेळी कॅमेरावाला जेवायला गेलेला. तेवढा वेळ भरायला त्याने कारंजं घातलंय, कारंज्यातून बदामाच्या आकारात वैशाली वर येते, मग जावई, मग परत वैशाली.
एका जागी अक्का दिसली. दोन्ही हातांनी खोकं धरून स्टेजच्या पायऱ्या चढतेय. खोक्यावर कुकरचं चित्र. कॅसेट मागे-पुढे करून पाहिली, पाच की साडेसात कळेना. कुकर वैशालीकडे पुण्याला, ती म्हणते खालचा आकडा घासून गेलाय.
सौ. म्हणाली, "कुकर काय बघताय? तिचं तोंड बघा की."
बघितलं. केवढी हसत होती. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, सौ.ला वाटलं स्क्रीनच्या उजेडाने.

रवि. ४ मे
देवळाली कॅम्प. देवरेंनी हार मानली, पण फौजी माणूस, तो शब्द तोंडातून काढेना. 'नवी पोझिशन घेतली' म्हणाले. नवी पोझिशन अशी की सगळी रक्कम सगळ्या खात्यांत सारखी वाटून टाकली. फाईल आता झकास उघडते. सख्खा व्याही आणि आमचा पेपरवाला, दोघांनी सारखंच दिलंय. कोणाचं कोणापेक्षा कमी नाही. असं घराणं शोधून सापडणार नाही.
निघताना म्हणाले, "एक आहे, साहेब. दुरुस्तीत जुनी बंद खाती परत उघडलीत. दोन दिसतात. बंद करू?"
बघितलं. एक जुनी गॅस एजन्सी. दुसरं अक्का.
"गॅस बंद करा."
"आणि हे?"
"राहू द्या."
"शिल्लक किती टाकू?"
तिच्या खात्यात ती सरसकट रक्कम घालायला मन होईना. रिकामी सोडता येते का विचारलं. म्हणाले, "येते, पण दर वेळी फाईल उघडली की मशीन विचारत राहणार, शिल्लक किती, शिल्लक किती."
म्हटलं विचारू दे त्याला.
बसमध्ये या वेळी डब्याचं तिकीट मागितलं नाही. कंडक्टर दुसरा होता.

शुक्र. ९ मे
नामपूरहून दाजींचा फोन. "पत्रिका मिळनी का, भाऊ?"
मिळाली म्हटलं. नाव नाही म्हटलं.
"तुन्ही बहीण काही बोलत नही. पन तू ये. लगीन शे, कांदाना लिलाव नही, बोलावणं येवानी वाट पाहाले."
आहेराचं विचारलं. "ते तुम्ही भाऊबहीण पाहा. माले ईचारू नको." आणि फोन ठेवला.
सौ.चं मत, 'आहेर आणू नये' हे परक्यांना असतं, मामाला नसतं. मग खालची रेघ? ती खास आपल्यासाठी आहे, म्हणजे रिकाम्या हाताने या असं नाही, हिशोब करून आणू नका असं. एका रेघेतून इतकं वाचणारी बाई मी पाहिली नाही.

शनि. १० मे
मेन रोड. मनीला शालू, अक्काला साडी, दाजींना कापड. दुकानात शिरण्याआधी सौ.ने कबूल करून घेतलं की किंमत बघायची नाही. बिल तिने घेतलं, घडी केली, पर्समध्ये घातलं. घरी आलो, चहा झाला, तरी मी मागितलं नाही. जड गेलं. संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर नुसता बसलो होतो. सौ.ने भाजीची परडी आणून पुढ्यात ठेवली. गवार.

शनि. १७ मे, नामपूर
दुपारी पोचलो. मांडव मोठा, कांद्याच्या खळ्यावर घातलाय. मनी धावत आली, "मामा, उशीर का केला?" आणि हळदीच्या हातांनी माझा शर्ट धरला. तेवढ्यात तिला बायकांनी ओढून नेलं.
अक्काने सौ.च्या हातातली पिशवी घेतली आणि न बघता आत नेऊन ठेवली. परत केली नाही, उघडलीही नाही. सौ. म्हणते चांगलं लक्षण. मला काही कळलं नाही.
पुरुष मंडळींची सोय शाळेत. आमच्या खोलीत मी आणि रमेश. रमेशने सूट आणलाय, शिवाय स्वतःचा फेटा, बांधून तयार, डब्यात. लहान बाळासारखा जपतोय.

संध्याकाळी अक्का चहा घेऊन स्वतः आली. दोन कप खाली ठेवले आणि फळ्याकडे बघून म्हणाली, "या खोलीतल्या पाहुण्यांनी सकाळी आंघोळी लवकर उरका. मांडवात मामा वेळेवर लागतो."
रमेश म्हणाला, "हो, अक्का."
मीही म्हटलं, "हो, अक्का."
ती दारात थांबली. माझ्याकडे बघितलं. वास्तुशांतीनंतर पहिल्यांदा. "साखर कमी घातलीय," म्हणाली आणि गेली.
मला शुगर निघाली हे तिला दाजींनी सांगितलं असणार. अक्का माझ्यावर रागावली आहे ते मला चालेल, फक्त तिने रागावत राहावं, गप्प बसू नये.
मग रमेशने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. त्याच्याही चहात साखर कमी होती.

रवि. १८ मे, नामपूर
नुकतं फटफटलंय. शाळेमागे बंब पेटलाय, धूर येतोय इथपर्यंत. पलीकडे बायकांच्या गाण्याचा आवाज, त्यात अक्काचा ओळखू येतोय, बेसूर. कोणता मामा, ते कोणी सांगितलेलं नाही. विचारायचं कोणाला? विचारलं आणि ती रमेश म्हणाली तर?
रमेश अजून घोरतोय. बादली एकच आहे. मी चाललो.