सहासष्ट, ऐंशी, चौऱ्याहत्तर

गारखेडा,
२५ जानेवारी १९९४

प्रिय बद्री,

वायरमनच्या परीक्षेत तुझा पहिला नंबर आला. लगेच नाचू नकोस, खाली बस आणि पुढचं वाच.

संक्रांतीला घरी आले तेव्हा कारखान्यातली गंमत मीच तुला सांगितली. त्याच दिवशी विद्यापीठाचं नामांतर झालं, शहरात जिकडेतिकडे पोलीस, आणि आमच्याकडे वायरमनच्या एका जागेसाठी ही झुंबड. आडनाव दिसलं की भांडण, म्हणून मोठ्या साहेबांनी नावंच झाकायची ठरवली. कॉम्प्युटरच्या तक्त्यात एक सूत्र घातलं की इंग्रजी अक्षराचा आकडा होतो, ए म्हणजे पासष्ट, बी सहासष्ट. दुसरं घातलं की आकड्याचं पुन्हा अक्षर. नाव, वडील, आडनाव यांच्या पहिल्या अक्षरांचे तीन आकडे, तेवढेच पेपरवर. तू लगेच बोटांवर मोजायला लागलास आणि मला मेलीला कौतुक वाटलं.

आज गुण आले. सगळ्यात वर सहासष्ट, ऐंशी, चौऱ्याहत्तर. सूत्र घातलं तर पडद्यावर बी, पी, जे. बद्रीनाथ पुंजाराम जाधव! मी खुर्चीतून उडालेच. छावणीतल्या हलवायाचे पेढे मनातल्या मनात वाटूनही झाले. मग पेपर लावून ठेवताना तुझा हाती आला. बद्री, शेवटची दोन पानं कोरी आहेत. मोटारीच्या जोडणीचा प्रश्न तू सोडवलेलाच नाहीस, आणि त्याला पैकीच्या पैकी गुण! यादीशी ताडून पाहिलं, दुसरा आलाय रामकिसन, छावणीपलीकडच्या वस्तीतला. त्याचा पेपर पूर्ण आहे, आकृतीसुद्धा पट्टीनं काढलेली.

पेपर तपासणाऱ्या साहेबांना विचारलं तर ते हसून म्हणाले, "तुमच्या वडिलांनीच माझ्या घरी येऊन ते तीन आकडे सांगितले, तुम्हाला ठाऊक नाही?" आपले आण्णा? भावकी हसत असताना मला कॉम्प्युटर क्लासला घालणारे? ते म्हणे साहेबांना म्हणाले, "विद्यापीठ गेलं त्यांच्याकडं, आता नोकऱ्या बी त्यांनाच व्हय?"

खोलीवर परतताना बसमध्ये डोकं ताळ्यावर आलं आणि खरा धक्का तेव्हा बसला. आण्णांना मराठी सहीपुरतं येतं. एबीसीडी त्यांना बापजन्मी माहीत नाही. मग ते तीन आकडे त्यांना काढून कुणी दिले?

उत्तर लिहू नकोस, मला कळलं. राग आलाय, लई आलाय, आणि तरी तू माझाच भाऊ आहेस. हे मोठ्या साहेबांपुढं नेलं तर आण्णांची गावभर बेअब्रू, नाही नेलं तर रामकिसन हक्काची जागा गमावून घरी बसणार. म्हणून हे पत्र पुंडलिकमामांच्या हाती देतेय, ते उद्या पहाटेच्या गाडीनं निघताहेत. परवा सकाळी नेमणुकीचं पत्र मलाच टाईप करायचं आहे. त्याआधी तू ये, आणि ही जागा मला नको, असं मोठ्या साहेबांना स्वतःच्या तोंडानं सांग. नाही आलास, तर तुझ्या नावाचं पत्र टाईप करायला दुसरं कुणी बसेल. मी तुझा तो पेपर घेऊन मोठ्या साहेबांच्या दारात उभी असेन.

तुझीच,
सत्यभामाआक्का