सातव्या कागदाची जाळी

२ जानेवारी १९८४, भंडारा
आज नोकरीवर रुजू झाले. भातगिरण्यांची यंत्रं बनवणारा कारखाना, त्याच्या नकाशाघरात खिडकीजवळचं टेबल मला मिळालं. उजेड भरपूर! मुख्य ड्राफ्ट्समन ताराचंदजींनी समजावलं, की एका गिरणीचं ड्रॉइंग सात पारदर्शक कागदांवर असतं. इमारत एकावर, यंत्रं दुसऱ्यावर, यंत्रं फिरवणारे पट्टे तिसऱ्यावर, असे ते एकावर एक बसवायचे. सगळ्यांच्या खाली आठवा कागद, त्यावर फक्त संदर्भरेषा. सगळं त्यांच्यावरून जुळवायचं, पण छापताना तो कागद काढून ठेवायचा. पाणी भरणाऱ्या गिरजाबाईंनी माझं गाव विचारलं आणि न मागता चहा दिला.

६ जानेवारी
अड्याळकडच्या एका गिरणीचं ड्रॉइंग दुरुस्तीला आलंय. खालच्या आठव्या कागदावर मोठ्या पट्ट्याजवळ एक उभी रेषा आहे. वरच्या एकाही कागदावर तिथं यंत्राचा भाग नाही. प्रमाणाने मोजली, पाच फूट चार इंच. ब्लेडने खरवडून काढली.

९ जानेवारी
रेषा परत आलीय. शाई ओली.
ताराचंदजींना दाखवली तर ते कितीतरी वेळ चष्माच पुसत राहिले. मग म्हणाले, तुझ्या आधी या टेबलावर ईश्वर होता, गिरजाबाईंचा मुलगा. त्याने याच गिरणीच्या पट्ट्याभोवती लोखंडी जाळी काढली होती, सातव्या कागदावर. घाईत सातवा कागद न छापताच ड्रॉइंग गेलं, जाळी बसलीच नाही. दिवाळीआधी ईश्वर तिथं मापं घ्यायला गेला आणि पट्ट्यात ओढला गेला. कागद छापायचा कोणाकडून राहिला, ते मी विचारलं नाही.

१० जानेवारी
मी ब्लेड उचललं तेव्हा गिरजाबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी रेषेवर बोट ठेवलं.
“हा माहा ईश्वर व्हय. काहून पुसता बाई? राहू द्या त्याले उभा.”
मी ब्लेड ठेवून दिलं. दोघी रडलो.

१३ जानेवारी
शेजारी दुसरी रेषा. आखूड. चार फूट नऊ इंच.
माझी उंची पाच फूट एक. ताराचंदजी तर उंच. मग कोण—

१४ जानेवारी
गिरजाबाई माठ भरत होत्या. त्यांचं डोकं माझ्या कानाशी लागतं.
सोमवारी ती गिरणी पुन्हा सुरू करणार आहेत. जाळीशिवायच. गिरजाबाईंना हे कोणी सांगितलं कळत नाही. म्हणाल्या, “एकडाव तेथं जाऊन येतो. पोरगा एकटा हाय.”
जाऊ नका म्हणून हात धरले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला फक्त.

१६ जानेवारी, सकाळ
गिरजाबाई कामावर आल्या नाहीत. पहिल्याच एसटीने गेल्या म्हणे. मी सातवा कागद घेऊन निघाले. ताराचंदजी म्हणाले, मीही येतो— पण खुर्चीतून उठले नाहीत.

अड्याळ
मला गिरणीच्या ओट्यावर बसवून ठेवलंय. गिरजाबाईंना कोणी पाहिलं नाही म्हणतात. जाळीचं विचारलं तर मालक येऊ द्या म्हणतात. लिहितेय, दुसरं काही सुचत नाही.

पट्टा सुरू झाला.
मालक आलेले नाहीत, तरी—

खिडकीतून दिसतंय. गिरजाबाई आत आहेत. पट्ट्याला लागून, मान खाली. एक हात बाजूला धरलाय, कोणाच्या तरी हातात असल्यासारखा. आणि चेहरा किती शांत—

हाक मारते. ऐकू जात नाही. दार आतून—

गिरजाबाई, पदर—